अर्डिस हॉगनच्या नळीचा घाट

अर्डिस हॉगनचे हात थरथरतात ही बातमी बिटररूटच्या खोऱ्यात तिच्या आधी पोचायची. ती कॅफेत शिरली की वाढणारी पोरगी न विचारता अर्धाच कप कॉफी भरून आणायची आणि शेजारच्या टेबलावरची माणसं एकदम हवामानावर बोलायला लागायची. अर्डिसला दोन्हीचा संताप यायचा. अर्ध्या कपाचा जरा जास्त, कारण अर्धी कॉफी लवकर गार होते.

तिनं जन्मभर शाळेची बस चालवली होती. बर्फात, चिखलात, पूल वाहून गेले तेव्हा आडवाटेनं. खोऱ्यातली निम्मी माणसं कधी ना कधी तिच्या आरशात मागच्या बाकावर बसलेली दिसली होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल आदर असा तिच्या मनात फारसा उरला नव्हता. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. भावाचा मुलगा ब्रेंट तेवढा जवळचा, आणि तोही जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा, म्हणजे घराण्याचं चाक सुटलं नव्हतं. घरात वर्षभर लागणारं मांस अर्डिस स्वतः डोंगरातून आणायची. दर वर्षी शिकारीचा हंगाम उघडला की एक एल्क. सांबराहून थोराड असं हे जनावर एकट्या बाईच्या फ्रीजरला उन्हाळा संपेपर्यंत पुरतं. दुकानातलं मांस घरी आणणं तिला दुसऱ्याच्या टॉवेलनं अंग पुसल्यासारखं वाटायचं.

मागच्या हंगामात घात झाला. तिची रायफल जुनी, हलकी, बारीक नळीची. तरुणपणी तीच खांद्यावर टाकून ती बकरीसारखी डोंगर चढायची. रायफलवरच्या दुर्बिणीतली काळी फुली एल्कच्या खांद्यामागं धरली, चाप ओढला, आणि नेमक्या त्याच क्षणी थरथरीनं फुली मागं सरकली. गोळी पोटात लागली. जनावर पळालं. अर्डिस आणि ब्रेंट अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले, मग बर्फ पडायला लागलं आणि थेंबही गेले. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली, तोवर खाण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या खोऱ्यात माणसाला दारू चढलेली चालते, बायको सोडून गेलेली चालते, पण जनावर जखमी करून गमावलेलं चालत नाही. अर्डिस गाडीत बसून रडली आणि ब्रेंटनं ते पाहून तोंड फिरवलं.

त्या रडण्यातून दोघांनी दोन वेगळे अर्थ काढले, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. ब्रेंटला वाटलं, आत्या थकली. अर्डिसनं ठरवलं, असं जनावर परत गमवायचं नाही. हात नळीला हलवणार असतील तर त्यांना हलवता येणार नाही अशी नळी आणायची. आणि तीही हलली, तर रायफल खुंटीला टांगायची. पण टांगायची कधी ते आपण ठरवायचं.

बंदुकीची नळी मागं, काडतुसापाशी जाड असते आणि तोंडाकडे निमुळती होत जाते. किती जाड ठेवायची, कुठून उतरवायची, किती उतरवायची, याला तिथले लोक नळीचा घाट म्हणतात, आणि त्यावर तासन्‌तास बोलतात. बारीक घाटाची नळी डोंगर चढताना खांद्याला कळत नाही. जाड घाटाची शांत असते, पण वर चढेस्तोवर जीव काढते. म्हातारपणी माणसानं बारीक घ्यावी, यात तिथं कुणाला शंका नव्हती.

अर्डिसला होती. जुन्या बसचं स्टिअरिंग लोखंडासारखं जड असायचं. त्या बसवर तिचे हात थरथरले असते तरी चाकांना पत्ता लागला नसता. नवी बस आली तेव्हा बोट लावलं तरी वळायची. जड वस्तू आळशी असते, हाताचं लगेच ऐकत नाही, हे ती तेव्हाच शिकली होती. तिनं नळाच्या कामाला वापरतात त्या शिशाच्या पट्ट्या आणल्या आणि जुन्या रायफलच्या नळीला चिकटपट्टीनं गुंडाळल्या. मग घरामागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत चढायची, धापा टाकत खाली बसायची, गुडघ्यावर कोपर टेकून दूरच्या कुंपणाच्या खांबावर फुली धरायची आणि ती किती नाचते ते बघायची. नाचली की दुसऱ्या दिवशी आणखी एक पट्टी. पाय मोडायला आले की एक कमी. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारीचं डोकंही थरथरायला लागलं.

वसंत संपता संपता फुली शांत झाली. पट्ट्यांनी सुजलेली ती रायफल घेऊन ती लोवेल ट्वीटनकडे गेली. लोवेल बंदुका दुरुस्त करायचा, नव्या नळ्या बसवायचा. शाळेत तिच्याच वर्गात होता आणि तेव्हापासून तिला थोडा भिऊन होता.

त्यानं रायफल उचलून पाहिली आणि टेबलावर ठेवली. "हे काय, बाळंतपण झालंय का हिचं?"

"एवढं वजन हवं नळीचं. आणि तोंडाकडे जास्त. तिथंच थरथर दिसते."

"अर्डिस, लोक माझ्याकडे पेन्सिलीसारख्या नळ्या मागायला येतात. तिशीतली पोरं. आणि तू ही पहार घेऊन चढणार? बारीक घे बाई, वयाला शोभेल अशी."

"वयाला शोभेल अशी कानटोपी दे मला. नळी मी सांगते तशी दे."

"धाप लागून मरशील वर."

"मग माझ्या मढ्याला पहार टेकवून फोटो काढ आणि दुकानात लाव. गिऱ्हाईक वाढेल."

लोवेलनं नळी केली. जाड, तोंडापर्यंत जवळपास तेवढीच जाड, अगदी थोडी उतरती. दिसायला कुरूप होती, हे अर्डिसनंही मान्य केलं. पण उन्हाळाभर ती कागदावर मारत राहिली आणि भोकं एकमेकांना चिकटून पडत गेली. कॅफेत रायफलचं नाव पहार पडलं. एकानं विचारलं, "काय अर्डिस, पहारीनं एल्क मारणार की विहीर खणणार?" तेव्हा ती म्हणाली, "तू तिसरीत असताना माझ्या बसमध्ये ओकला होतास, डॅरिल. मी ते पुसलं आणि तुझ्या आईला सांगितलं नाही. आता सांगू का?" डॅरिलची आई शेजारच्याच टेबलावर होती. पुढं बराच वेळ तो हवामानावर बोलला.

आता ब्रेंटबद्दल. ब्रेंट मनाचा साधा, आणि साध्या माणसाची माया फार महागात पडते. आत्या ते ओझं घेऊन टेकडी चढताना त्यानं लांबून पाहिलं, मध्येच थांबून खांबाला धरताना पाहिलं, आणि त्याला राहवेना. हंगाम तोंडावर आलेला. आत्या दोन दिवस बहिणीकडे मिझूला शहरात गेली तेव्हा त्यानं रायफल उचलली आणि एका मित्राकडे नेली. मित्राचं लेथ होतं. ट्रॅक्टरचे दांडे आणि पंपाचे शाफ्ट तो सुंदर कातायचा. त्यानं पहारही सुंदर कातली. बारीक, निमुळती, चकचकीत. ब्रेंटनं ती जागच्या जागी आणून ठेवली आणि वर लाल रिबीन बांधली.

अर्डिस परत आली. रिबिन सोडली. रायफल उचलली, आणि ती तिच्या अपेक्षेपेक्षा वेगानं वर आली.

"हे कुणी केलं?"

"मी," ब्रेंट हसून म्हणाला. "म्हणजे जेफनं. आत्या, निम्मं वजन उतरलंय बघ."

"मी मागितलं होतं?"

"तू मागितलं नसतंस कधी. म्हणूनच तर न विचारता केलं."

तिचं पित्त असं खवळलं की क्षणभर तिचे हात थरथरायचे थांबले. पण ती ओरडली नाही. रायफल आणि काडतुसं घेऊन मागच्या अंगणात गेली, पोत्यावर टेकवून कागदावर मारायला बसली. ब्रेंट मागं उभा. हाताचा प्रश्नच नव्हता, रायफल पोत्यावर होती. तरी एक भोक वर, एक डावीकडे, एक कागदाच्या पार बाहेर. गारठ्यात चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी भोकं अंतर राखून बसली होती.

दोघं रायफल घेऊन लोवेलकडे गेली. त्यानं नळी सोडवली, शिशाचा एक तुकडा मागून आत घातला आणि सळईनं पुढं ढकलू लागला. सुरुवातीला तुकडा घट्ट जात होता. मग सैल. तोंडापाशी तर तो आपसूक घसरला आणि टेबलावर टप्पकन पडला. लोवेलनं टोपी काढली.

"हिच्या आतले चर दाबून केलेले आहेत," तो ब्रेंटला म्हणाला. गोळीला फिरकी देणारे पिळदार चर नळीत दोन तऱ्हेनं काढतात. एक तर कापून, नाहीतर कठीण लोखंडी बोंड आतून रेटून. "रेटलेल्या नळीच्या अंगात ताण भरलेला असतो. बाहेरचं लोखंड काढलं की आत ती फुलते, सैल पडते. म्हणून घाट आधी द्यायचा, चर मागाहून. उलटं केलं की संपलं."

"जेफला माहीत नव्हतं," ब्रेंट म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणि मी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं," लोवेल म्हणाला. "कातून परत कुणी आणेल असं मला वाटलंच नाही. अर्धा दोष माझाही."

"दोष वाटून घेत बसा दोघं," अर्डिस म्हणाली. "मला नळी हवी आहे."

"नवी मागवली तर हंगाम संपल्यावर येईल."

ब्रेंट हळूच म्हणाला, "आत्या, या वर्षी राहू दे. मांस मी देतो. माझ्या एल्कमधला अर्धा तुझा."

तेव्हा मात्र अर्डिस फिरली. "ऐक. तू माझी नळी बिघडवलीस ते मी सोडून देते. चूक होते. पण तू मला न विचारता ठरवलंस ना, मला काय झेपतं ते? ते मी सोडणार नाही. कॅफेतली पोरगी माझा कप अर्धा भरते, तू माझी नळी अर्धी करतोस. उद्या माझं जेवण चावून आणून द्याल. मी मेले नाही अजून. मला काय जड होतं ते माझ्या खांद्याला विचारा, तुमच्या दयेला नको."

ब्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि अर्डिसला ते दिसलं, तरी तिनं एक शब्दही मागं घेतला नाही. मला विचाराल तर बरोबर केलं. मायेनं केलेल्या जबरदस्तीला फार लवकर माफी मिळते आपल्याकडे.

लोवेल इतका वेळ कोपऱ्यात काहीतरी शोधत होता. तो एक नळी घेऊन आला. कुणा निशाणेबाजानं मागवून नंतर नको म्हटलेली. टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची, सरळसोट. घाट असा तिला नव्हताच.

"ही कापून केलेल्या चरांची. पण हिला आता कातत बसायला मला वेळ नाही, काडतुसाचं घर करून बसवायलाच हंगाम उजाडेल. आहे तशी फार जड होईल."

अर्डिसनं ती तोलून पाहिली. "आखूड कर."

"आखूड केली तर गोळीचा जोर कमी होतो. लांबून मारता येणार नाही."

"मग जवळ जाईन. कापायची कुठं ते मी सांगते."

ती नळी दोन्ही हातांत आडवी धरून उभी राहिली, मग उभी धरली, मग डाव्या हातावर टेकवून डोळ्यासमोर आणली. बराच वेळ. शेवटी अंगठ्यानं खूण केली. लोवेलनं खडूनं रेघ मारली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं अंगठा बोटभर पुढं सरकवला. त्यानं रेघ पुसून दुसरी मारली. या वेळी तो वयाबद्दल काही बोलला नाही.

लाकडी दस्त्यात ती जाड नळी बसेना. खाच रुंद करायची होती. ते काम अर्डिसनं घरी नेलं आणि पॉलिश कागद घेऊन घासत बसली. घासायच्या कामात थरथरीचा उपयोगच होतो, असं तिनं लोवेलला फोनवर सांगितलं. रायफल तयार झाली तेव्हा ती आखूड, बोजड, कांडायच्या मुसळासारखी दिसत होती. कागदावर तिनं मोजक्याच गोळ्या मारल्या. भोकं पुन्हा एकत्र नांदायला लागली.

हंगाम उघडला. ब्रेंट न बोलावता पहाटे दाराशी आला, पाठीवर रिकामी मोठी पिशवी, अंगात केशरी जाकीट. एल्क पडला तर मांस खाली आणायला दुसरी पाठ लागते, हे दोघांनाही ठाऊक होतं. अर्डिसनं त्याला लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, गुंडाळून दिल्या आणि थर्मास दिला. दोघं पाइनच्या जंगलातून वर निघाली.

चढ वाईट होता. अर्डिस थोडं चालायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. खांद्याला पट्टा रुतत होता. एका ओंडक्यापाशी ती थांबली तेव्हा ब्रेंटचा हात पुढं आला.

"दे. थोडा वेळ."

"नको."

"कुणी बघत नाहीये, आत्या."

"मी बघतेय."

त्यानं हात मागं घेतला. पुढं दोनदा तो हात निघाला आणि दोनदा आपणहून खिशात गेला.

दोन शिखरांमधल्या खिंडीत ती दोघं पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. पलीकडच्या उतारावर, पिवळ्या गवतात, एक तरुण नर चरत होता. ब्रेंटनं दुर्बीण लावली. त्याच्या स्वतःच्या रायफलला ते अंतर सहज होतं. "मार," तो कुजबुजला. "आडवा उभा आहे. मार."

"लांब आहे माझ्या मुसळाला."

"पळेल."

"पळू दे."

ती खाली बसली आणि गवतातून सरपटू लागली. एका खडकापर्यंत, मग दुसऱ्या. वारा तोंडावर येत होता, जनावराला वास लागत नव्हता. मागं ब्रेंट पोटावर. मध्ये एकदा एल्कनं मान वर केली आणि दोघं इतका वेळ निश्चल पडून राहिली की अर्डिसच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग त्यानं पुन्हा गवतात तोंड घातलं. शेवटच्या खडकापाशी ती उठून बसली, गुडघे वर घेतले, कोपर टेकवलं.

मागच्या हंगामातलं जनावर तिला आठवलं. आठवणारच होतं. हात थरथरायला लागले, सरपटण्यानं नेहमीपेक्षा जास्तच. ब्रेंटला तिच्या बाहीचं कापड हलताना दिसत होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. अर्डिसनं मिटले नाहीत. ती दुर्बिणीत बघत राहिली. फुली खांद्यामागं आली, जरा पुढं गेली, सावकाश परतली, एखादं सुस्त जनावर कूस बदलतं तशी. आणि मग थांबली. बाही हलतच होती.

गोळी सुटली. एल्क चार ढेंगा गेला, गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. पुन्हा उठला नाही.

दोघं त्याच्यापाशी गेली. अर्डिसनं हातमोजा काढून त्याच्या मानेवर तळवा ठेवला. ती रडली, आणि या वेळी ब्रेंटनं तोंड फिरवलं नाही. गोळी जिथं लागायला हवी तिथंच लागली होती.

"मला वाटलं, हात थांबला तुझा," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"हात कशाला थांबेल? तो थरथरतच होता. नळी थांबली."

त्यानं सुरी काढली. दुपार त्यातच गेली. दोघांनी जनावर सोललं, तुकडे केले, झाडाला टांगले. कापता कापता ब्रेंटचा धीर चेपला.

"झालं की मग," तो म्हणाला. "मागच्या वर्षीचं धुऊन निघालं. आता टांगून ठेव रायफल. मान राखून."

"मानाचं काय त्यात? मला भूक लागते म्हणून मी येते."

"आत्या, कधीतरी तर..."

"कधीतरी येईल. फुली हलायची थांबली नाही, तर त्या दिवशी चाप न ओढता मी खाली उतरेन आणि मुसळ खुंटीला लावेन. मला कळेल. हाताला नाही, नळीला विचारून कळेल. तू मला सांगायचं नाहीस, लोवेलनं नाही, कॅफेतल्या कुणी नाही."

ब्रेंट सुरी पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. त्याची आई लहानपणीच गेली होती आणि बाप आजारपण लपवून लपवून गेला होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याला कुणी काही कळू दिलं नव्हतं.

"मग मला सांगशील?" त्यानं विचारलं. "त्या दिवशी. लपवणार नाहीस?"

अर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. न विचारता नळी कातणाऱ्या या बाप्याच्या पोटात इतकी वर्षं काय होतं ते तिला आत्ता कळलं, आणि तिच्या रागाला पहिल्यांदा उतार पडला.

"तुला सांगेन," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी तुला."

त्यानं मान हलवली. मग तिनं एल्कची मागची तंगडी दाखवली आणि त्यानं ती पाठीवरच्या पिशवीत घेतली. ओझ्यानं तो वाकला. अर्डिसनं मुसळ खांद्याला अडकवलं आणि त्याच्या पुढं खाली उतरायला लागली.